नाडीच्या पँटला पिस्तूल कुठे खोवायचं?

रविवारी सकाळी आमच्या नेमबाजीच्या रेंजवर येतात ते बहुतेक चर्चला दांडी मारलेले. ह्यूस्टनच्या पश्चिमेला मी पिस्तूल चालवायला शिकवते असं कोल्हापुरात सांगितलं की नातेवाईक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे तेजस्विनी सावंतसारखं?" तसं नाही. तिने २०१० साली म्युनिकला रायफल नेमबाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. मी कॉलेजात एनसीसीची पॉइंट टू-टू रायफल उडवली आणि लग्न करून टेक्सासला आले. माझ्याकडे येणाऱ्यांना पदक नको असतं. त्यांना शर्टाखाली, कुणाला दिसणार नाही असं पिस्तूल बाळगायचं असतं.

त्या रविवारी आलेलं जोडपं मराठी होतं. नवऱ्याने आल्या आल्याच सांगितलं, "मॅडम, काय घ्यायचं ते ठरलंय. हिला फक्त चालवायला दाखवा." दुकानात अनामत भरून त्याने एक छोटं रिव्हॉल्व्हर राखून ठेवलं होतं. पॉइंट थ्री-एटचं, पाच गोळ्यांचं, वजन जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम, मूठ गुलाबी. बायकोसाठी हत्यार बघायला आलेले बरेच नवरे हेच उचलतात. नाजूक हात, म्हणून नाजूक वस्तू. बांगड्या घेताना ठीक आहे.

आधी कागद मागितले. इथे आपली माणसं रुसतात, "आमच्यावर विश्वास नाही का?" विश्वासाचा प्रश्नच नाही. नोकरीच्या एच-वन, जोडीदाराच्या एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याने विकत घेणं सोडाच, रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात धरणंसुद्धा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. त्यातून सुटायच्या ज्या थोड्या वाटा आहेत त्यातली एक म्हणजे शिकारीचा परवाना. हो, हरणं मारायचा कागद असला तर चालतं. का, ते मला विचारू नका. या दोघांकडे ग्रीन कार्ड होतं, तेही तिच्यामुळे. ती नर्स. मिरजेला शिकलेली, माझ्या माहेरापासून तासाभरावरची. ते कळल्यावर मॅडमची मी ताई झाले.

"टेक्सासमध्ये २०२१ पासून परवाना लागत नाही ना?" नवऱ्याने विचारलं. खरं आहे. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या कुणालाही परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. ज्याला परवाना हवा त्याला अजूनही चार ते सहा तासांचा वर्ग आणि पन्नास गोळ्यांची परीक्षा आहे, २५० पैकी १७५ गुण लागतात. परवाना लागत नाही म्हणजे शिकावंही लागत नाही, असा अर्थ त्याने काढला होता. तो एकटाच नाही.

कानाला मफ, डोळ्यांना चष्मा, आणि आम्ही आत गेलो. आमच्याकडचं भाड्याचं तसंच रिव्हॉल्व्हर मी तिच्या हातात दिलं. अशा रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला साधारण पाच-साडेपाच किलोचा जोर लागतो. सव्वाचारशे ग्रॅमची वस्तू आणि तिच्यावर पाच किलोची ओढ! नेम हलणारच. शिवाय हत्यार जितकं हलकं तितका झटका जास्त. तो पिऊन टाकायला वजनच नसतं, सगळा तळहातात येतो. दुसऱ्या गोळीनंतर तिने हात झटकला. पुढच्या वेळी पाच कप्प्यांत मी तिच्या नकळत दोन खोट्या गोळ्या घातल्या. खोट्यावर चाप ओढला गेला तेव्हा बार झाला नाही, पण नळी खाली गेलीच. झटका यायच्या आधीच मनगट त्याला भिऊन वाकत होतं.

"बघा, मी म्हणत नव्हतो? हात कमजोर आहेत हिचे," नवरा म्हणाला.

त्यालाही पाच गोळ्या दिल्या. एक खोटी. त्याची नळी तिच्यापेक्षा खाली गेली. मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही, पण मफ नीट करायच्या निमित्ताने तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

"तुझे ग्लोव्हज कितीचे?" मी विचारलं.

"साडेसहा. का?"

मला बोटाची लांबी हवी होती. मूठ नीट धरल्यावर तर्जनीच्या टोकाच्या पेराचा मांसल भाग चापावर टेकला पाहिजे. बोट ओढूनताणून पोचत असेल तर गोळी बाजूला जाते. ग्लॉक १९ हे पिस्तूल काढलं. रिकामं सहाशे ग्रॅमच्या आसपास, नऊ एमएमचं. नवऱ्याच्या कपाळावर आठी. "एवढं मोठं? आणि स्लाइड हिला ओढता येणार नाही, दुकानात ओढली गेली नाही." स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तो मागे ओढल्यावर गोळी नळीत चढते. दुकानात ती दोन बोटांच्या चिमटीत धरून गलोल ताणावी तशी ओढत असणार. मी सांगितलं, पिस्तूल छातीजवळ घे, वरचा भाग अख्ख्या मुठीत घट्ट धर, तो हात स्थिर ठेव आणि खालची मूठ पुढे ढकल. पहिल्या झटक्यात सरकली. नव्वद किलोचा पेशंट चादरीसकट कुशीवर वळवणारी बाई ती. तिला ताकद कुणी शिकवायची?

सात यार्डांवर दहा गोळ्या, त्यातल्या आठ तळहाताएवढ्या जागेत. तिने श्वास सोडला. माझं काम खरं तर इथे संपलं होतं. रिव्हॉल्व्हर नको, हे घ्या म्हणून पाठवून दिलं असतं तर दुकानवालाही खूश झाला असता.

पण मी नेहमीचा प्रश्न विचारला, "बाळगणार कुठे?"

"पर्समध्ये," नवरा म्हणाला.

"घरात मूल?"

"तीन वर्षांचा आहे."

तेव्हा मी हेडनची गोष्ट सांगितली. आयडाहो राज्यातलं गाव, २०१४ चा डिसेंबर. एक बाई मुलाबाळांना घेऊन खरेदीला गेलेली. तिच्या पर्सला पिस्तुलासाठी वेगळा, चेनचा कप्पा होता, आणि ती पर्स नवऱ्याने नाताळची भेट म्हणून दिलेली. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला ते पिस्तूल लागलं. आई जागीच गेली. ही गोष्ट मला दर वेळी सांगवत नाही, पण पर्सचं नाव निघालं की सांगते.

"मग कमरेला," तो हळूच म्हणाला.

ती पहिल्यांदा मोकळं हसली. "अहो, ड्युटीच्या स्क्रब्जच्या पँटला नाडी असते. पिस्तूल खोवलं तर पँटच खाली येईल."

मी विचारलं, भीती नेमकी कशाची आहे? उत्तर त्याने दिलं. तिची ड्युटी रात्री साडेअकराला सुटते. गाडी पार लांबच्या पार्किंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. दिवे अर्धे बंद. मागच्या महिन्यात तिथे कुणीतरी एका नर्सच्या मागे मागे गेलं होतं.

"दारापासून गाडीपर्यंत किती वेळ?"

"सात मिनिटं," ती म्हणाली.

टेक्सासचा कायदा असा आहे की इस्पितळाच्या इमारतीत त्यांच्या लेखी परवानगीशिवाय पिस्तूल नेता येत नाही. म्हणजे ड्युटीभर ते गाडीत, कुलपात. साडेअकराला ती बाहेर पडणार तेव्हा ज्या सात मिनिटांसाठी हा सगळा खटाटोप, ती सात मिनिटं हात रिकामेच. पिस्तूल भेटणार गाडीपाशी पोचल्यावर.

हे मी सांगितलं आणि तिघंही गप्प बसलो. शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी धडाधड मॅगझिन रिकामं करत होतं.

"तुला हे माहीत होतं?" त्याने तिला विचारलं.

"इमारतीत नेता येत नाही हे माहीत होतं. दारावर पाटीच आहे." जरा थांबून म्हणाली, "पण ताई, हे रात्री झोपत नाहीत हो. पोराला निजवून, गॅरेजचं दार वाजेपर्यंत खिडकीत उभे असतात. म्हटलं, घेतल्याने यांना झोप लागत असेल तर घेऊ."

तो काचेतून दुकानाकडे बघत राहिला. इतका वेळ मी त्याला मनातल्या मनात शहाणा नवरा म्हणून हिणवत होते, ते जरा लागलं मला.

सिक्युरिटीवाले गाडीपर्यंत सोडत नाहीत का, मी विचारलं. सोडतात, फोन केला तर. पण रोज रोज कुणाला सांगायचं, लाज वाटते म्हणाली. पेशंटसाठी मध्यरात्री डॉक्टरला चार वेळा उठवणारी बाई ही.

तो अनामत परत घ्यायला काउंटरवर गेला. मला वाटलं, तीही निघेल. तिने पाकिटातून स्वतःचं कार्ड काढलं आणि गोळ्यांचा आणखी एक बॉक्स मागितला. पन्नास गोळ्या एकटीने संपवल्या. शेवटच्या दहा गोळ्या पंधरा यार्डांवरून, आणि त्या काही फार चांगल्या गेल्या नाहीत.

रेंजवरून निघताना हात धुवायचे असतात, शिशाची पूड राहते म्हणून. लोक दोन सेकंद नळाखाली धरतात. ती कोपरापर्यंत धूत होती, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडेने.

"आज ड्युटी?" मी विचारलं.

"हो ना. तीन ते साडेअकरा."

"सिक्युरिटीला फोन करशील?"

तिने कोपराने नळ बंद केला. "बघते," म्हणाली.