आउटलुकच्या झेंड्याला तारीख कुठली द्यायची?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी जीएसटीचं काम बघते. गिऱ्हाइकं बहुतेक उद्यमनगरातली, फाउंड्री आणि मशिन शॉपवाली. "मॅडम, बिलं पाठवल्यात बघा," असा फोन येतो, पाठोपाठ मेल. आम्ही मेलसाठी मायक्रोसॉफ्टचं आउटलुक वापरतो. त्या मेलवर झेंडा (फ्लॅग) लावला की तो कामांच्या यादीत जातो. पण आउटलुक झेंड्याला आपणहून आजचीच तारीख देतं, मग काम कसलंही असो. मुदत उलटलेलं काम लाल दिसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी यादी लालभडक. सगळंच लाल असलं की खरोखर तातडीचं काम त्यात हरवतं, आणि आमच्या धंद्यात त्याचा दंड गिऱ्हाइकाला बसतो.

उपाय फाइल, ऑप्शन्स, टास्क्स या पानावर सापडला. तिथे 'क्विक क्लिक' नावाचं बटण आहे, एका क्लिकवर लागणाऱ्या झेंड्याला कुठली तारीख पडावी ते त्यात ठरवता येतं. त्यात 'टुमॉरो' ठेवून पाहिलं. लाली एक दिवस पुढे सरकली, इतकंच. शेजारच्या टेबलावरचे दादा 'नो डेट' वापरतात. मला ते पटत नाही. ज्या कामाला तारीख नाही, ते पडून राहतं.

शेवटी 'धिस वीक' ठेवलं. यात मुदत आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाची पडते. मूळ सेटिंगमध्ये तो शुक्रवार असतो. आमचं ऑफिस शनिवारीही चालू, म्हणून कॅलेंडरच्या ऑप्शन्समध्ये शनिवारवर टिक केली. आधी लावलेल्या झेंड्यांच्या तारखा मात्र यानं बदलत नाहीत. ते मेल निवडून, राइट क्लिक करून बदलावे लागले.

कायद्याच्या तारखा मी झेंड्यावर सोडतच नाही. टीडीएस भरायची ७ तारीख (मार्चच्या टीडीएसला ३० एप्रिल), दरमहा भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) ११ ला, जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) २० ला. यांचे वेगळे टास्क केले आणि 'रिकरन्स'मध्ये, म्हणजे काम पुन्हा पुन्हा यावं यासाठीच्या चौकटीत, दर महिन्याची तारीख घातली. रिमाइंडर मुळात सकाळी ८ चा असतो, तो टास्क्सच्या त्याच पानावर बदलता येतो.

रिकरन्सच्या चौकटीत 'रीजनरेट' असाही पर्याय दिसतो. रिटर्नसाठी तो अजिबात निवडू नका. त्यात पुढची तारीख काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. समजा एखाद्या महिन्यात जीएसटीआर-१ १४ ला भरलं, तर पुढच्या महिन्यातही टास्क १४ चीच मुदत दाखवणार.