आमची वाटचाल : पंपाच्या बेंचपासून डायनोपर्यंत

सुरुवात डिझेल पंप आणि इंजेक्टरच्या कामापासून झाली, एक टेस्ट बेंच (पंप तपासायचं मशीन), दोन पोरं आणि मी. मालक यायचा, म्हणायचा पिकअप नाही, चढाला गाडी दम टाकते. आम्ही पंप काढायचो, सेट करून परत बसवायचो आणि ट्रायल म्हणजे काय, तर ड्रायव्हरनं एक राउंड मारून यायचं आणि म्हणायचं "हां, आता बरी वाटते". बरी म्हणजे किती, ते ना त्याला सांगता यायचं ना मला.

एका टिपरनं मात्र आम्हाला रडवलं. इंजेक्टर दोनदा केले, पंप केला, फिल्टर बदलले, गाडी रिकामी असली की मस्त पळायची आणि लोड पडला की मेली. शेवटी दुसऱ्यांच्या चॅसिस डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवून चाकावरचा जोर मोजणाऱ्या मशीनवर नेली. मागची चाकं रोलरवर, गाडी पट्ट्यांनी करकचून बांधलेली, समोर मोठा फॅन. रोलरच्या ब्रेकनं लोड वाढवत नेला तसं बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचं प्रेशर) आधी चढलं आणि १५०० आरपीएमच्या आसपास धपकन पडलं, मागून काळा धूर. बाजूनं टॉर्च मारून बघतो तर इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) होसला खालून चीर, उभ्या गाडीत दिसायचीच नाही, प्रेशर आलं की तोंड उघडायची. एका होसपायी आम्ही इंजेक्टर दोनदा उतरवले होते! डायनो घ्यायचा हे तिथंच ठरलं.

घेतला म्हणून लगेच शहाणे झालो असं नाही. एक काळ असा गेला की आमच्याकडं येणारी प्रत्येक गाडी जोरात, सगळे मालक खूश. मलाच शंका आली म्हणून डायनोच्या १ मीटरच्या आर्मला ५० किलोचं वजन टांगलं, रीडिंग ४९० न्यूटन मीटर यायला हवं होतं, आलं ५३०. लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर, सरकला होता. मग फोन करकरून गाड्या परत बोलावल्या आणि फुकट रन (डायनोवरची चाचणी) दिले. लाज वाटली, पण तेव्हापासून दर सोमवारी वजन टांगल्याशिवाय पहिली गाडी चढत नाही.

सगळ्यात जास्त वाद कॅटलॉगच्या आकड्यावरून. डायनो खरं तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, न्यूटन मीटरमध्ये मोजतो, त्याला आरपीएमनं गुणून ९५४९ नं भागलं की पॉवर किलोवॅटमध्ये. ९०० न्यूटन मीटर १५०० आरपीएमला म्हणजे साधारण १४१ किलोवॅट. पण कंपनी सांगते तो आकडा इंजिनवरचा, आम्ही मोजतो चाकावर, मधे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर मिळून साधारण १५ ते २० टक्के खातात. हे रोज समजावतो, रोज कुणीतरी "तुमचं मशीन कमी दाखवतं" म्हणतोच. म्हणून मी आता एकट्या आकड्यावर बोलतच नाही, कामाच्या आधीचा आणि नंतरचा ग्राफ एकमेकांवर ठेवून देतो, तोच गिअर, तीच टायरची हवा, इंजिन तेवढंच गरम.

परवा एक जण आला, गाडी ओढत नाही म्हणून पार वैतागलेला. रन घेतला, पॉवर पूर्ण, बूस्ट पूर्ण, तो माझ्याकडं आणि मी ग्राफकडं बघतोय. मग डोक्यात आलं की पुढची चाकं रोलरवर फिरतच नाहीत. गाडी खाली घेतली, बाहेर एक फेरी मारून आलो, डाव्या पुढच्या ड्रमजवळ हात नेला तर चटका बसला. ब्रेक धरून राहिला होता.