हप्ता भरूनही कर्ज वाढलं

6 एप्रिल 2023. रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, 6.50 टक्क्यांवरच ठेवला होता आणि टीव्हीवर 'कर्जदारांना दिलासा' सुरू होतं. त्याच दुपारी आमच्या बँकेच्या सांगलीतल्या शाखेत जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी गृहकर्जाचं स्टेटमेंट घेऊन आले. मार्चच्या नोंदीवर पेनानं गोल केलेला. "साहेब, हप्ता वेळेवर गेलाय. मग बाकी वाढली कशी?"

कर्ज 30 लाखांचं, 20 वर्षांचं, वर्षभरापूर्वी 6.90 टक्क्यांनी घेतलेलं. हप्ता 23,079 रुपये. महागाई आटोक्यात आणायला मे 2022 पासून रेपो सहा वेळा मिळून अडीच टक्के चढला आणि त्यांचा दर 9.40 झाला. दर चढला की आमची यंत्रणा तेव्हा हप्त्याला हात लावत नव्हती, मुदत वाढवायची. इथं मात्र 31 दिवसांच्या महिन्याचं व्याजच हप्त्यापेक्षा साडेपाचशे रुपयांनी जास्त झालं. मुद्दलात एक पैसा गेला नाही, उलट उरलेलं व्याज मुद्दलात जमा झालं. या हिशेबानं कर्ज कधीच फिटणार नव्हतं. गृहकर्जावर असं होऊ शकतं हे पुस्तकात वाचलं होतं, समोर बसलेला माणूस पहिल्यांदाच बघितला.

ते चिडले होते आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. "रिझर्व्ह बँकेनं वाढवलं की लगेच आमच्यावर, होय ना?"

खरं तर ही 'लगेच'ची सोय कर्जदारासाठीच केलेली. 1994 मध्ये दोन लाखांवरच्या कर्जांचे व्याजदर बँकांवर सोपवले गेले. स्पर्धेनं दर आपोआप खाली येतील ही अपेक्षा होती. बँकांनी कर्जाचा दर कशावरून धरायचा याची पीएलआर, मग बेस रेट, मग एमसीएलआर अशी आपापली गणितं मांडली आणि रिझर्व्ह बँकेचा निर्णय वाटेतच मुरायला लागला. 2015 मध्ये रेपो 8 वरून 6.75 वर आला, तेव्हा आमच्या जुन्या ग्राहकांपर्यंत त्यातलं निम्मंच पोचलं. काउंटरवर रोज तेच ऐकायचो, "पेपरात कमी झालं, माझं का नाही?" शेवटी ऑक्टोबर 2019 पासून नव्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या, गृहकर्जांचा दर बँकेबाहेर ठरणाऱ्या मानकाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधायला लावला. 2020 मध्ये रेपो 4 वर आला आणि कर्जं खरोखर स्वस्त झाली. गुरुजींचं घर त्यातूनच उभं राहिलं.

मला खटकतं ते वेगळंच. कर्ज रेपोला बांधलं, ठेवी मात्र मोकळ्या राहिल्या. ठेवीवर किती द्यायचं हे बँक ठरवते आणि ती सावकाश ठरवते. गुरुजींची 2021 मधली दोन लाखांची ठेव आमच्याकडेच होती, 5.40 टक्क्यांनी. म्हणजे महागाई आटोक्यात आणायचा भार एकाच माणसाच्या कर्जाच्या बाजूनं पुरेपूर वसूल झाला आणि ठेवीच्या बाजूनं त्याला दमडीही वाढवून मिळाली नाही.

मुदत वाढवायला वाव नव्हता, अठ्ठावन्नला निवृत्ती. उरलेल्या 19 वर्षांत फेडायचं तर हप्ता 27,900 होत होता. ठेव मोडून दोन लाख भरले तर साधारण 26,000. मुदतीआधी मोडल्याचा दंड धरूनही तेच फायद्याचं होतं. कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी आकडे पुन्हा स्वतः टाकून बघितले, बायकोला फोन लावला आणि ठेवीच्या पावतीमागं सही केली.

उठताना म्हणाले, "दर उतरला की हप्ता उतरेल ना?"

"दर उतरेल. हप्ता तोच राहील, मुदत कमी होईल. हप्ता कमी हवा असेल तर अर्ज द्यायला लागेल."

"चढताना कुठं विचारलं होतंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 18 ऑगस्टला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं: दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या, आणि मुदत वाढवताना हप्त्यातून निदान व्याज तरी फिटेल हे बघा.