पाठ वर करून चिकटवलेले शिंपले

आमची एक माजी विद्यार्थिनी वडिलांनी जमवलेले शिंपले घेऊन प्राणिशास्त्र विभागात आली. वडील एस.टी.त होते, रत्नागिरीच्या आसपासच्या किनाऱ्यांवर आयुष्यभर वेचत राहिले. आता ते गेले. संग्रह कॉलेजला द्यायचा, पण आधी प्रत्येकाला नाव लावायचं, एवढीच तिची अट.

अडचण पुठ्ठे बघताच कळली. सगळे शिंपले फेव्हिकॉलने चिकटवलेले, पाठ वर. रंग आणि नक्षी बाहेर असते, पण ओळख आत: बिजागरीचे दात, स्नायूंचे वण, आणि प्रावार म्हणजे प्राण्याचं मांसल आवरण जिथे चिकटलेलं असतं तिथली, कडेला समांतर जाणारी प्रावाररेषा. काही बाहेरूनही कळले. टेगिलार्का ग्रॅनोसा या जातीच्या कंगोऱ्यांवर ठसठशीत गाठी असतात आणि कंगोरे साधारण १५ ते २०. मोजले, नाव लावलं.

अडलं ते तिसऱ्यांपाशी, म्हणजे आपण खातो त्या शिंपल्यांपाशी. त्यांत पाफिया आणि मेरेट्रिक्स अशा दोन प्रजाती. वाळूत घासून वळ्या झिजल्या की पाफियाही मेरेट्रिक्ससारखा गुळगुळीत दिसतो. आतून बघा, लगेच उलगडा होतो. पाफियात प्रावाररेषा मागच्या बाजूला खोल, यू आकारात आत वळते. मेरेट्रिक्समध्ये जेमतेम खाच पडते. शिवाय मेरेट्रिक्सच्या डाव्या झडपेत, म्हणजे शिंपल्याच्या डाव्या अर्ध्यात, मधल्या तीन दातांच्या पुढे आणखी एक दात असतो, पाफियात तो नसतो. हल्ली मुलं मोबाईलवर पाठीचा फोटो काढतात आणि येईल ते नाव प्रॅक्टिकलच्या वहीत उतरवतात. मला ते बघवत नाही.

तिला विचारून एक शिंपला कोमट पाण्याने सोडवला. आत पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘भाट्ये, मार्च ८९’. दुसऱ्यात ‘काळबादेवी, मोठी ओहोटी’. मी थक्क झालो. स्थळ-काळाची नोंद नसलेला शिंपला शोकेसमध्ये ठेवायचा. नोंद असली तर तो अभ्यासाचा नमुना. पदव्या घेतलेल्यांनाही हे सांगून थकलोय, आणि या माणसाने ते स्वतःहून केलं होतं.

“सगळेच सोडवू या,” मी म्हटलं.

“सर, शिंपल्यांचं हे फूल बाबांनी मांडलंय,” एका पुठ्ठ्याकडे बघत ती म्हणाली.

शेवटी बाकीचे पुठ्ठे सोडवले, फुलाचा तसाच ठेवला. त्यावरच्या तिसऱ्यांपुढे नोंदवहीत ‘कुळ व्हेनेरिडी’, म्हणजे पाफिया आणि मेरेट्रिक्स दोन्ही ज्यात येतात ते कुळ, एवढंच लिहिलंय. सहकारी म्हणतात, अर्धवट नोंदी ठेवण्यापेक्षा पुठ्ठा परत करा. मी केलेला नाही. तिला दर सुट्टीत विचारतो. ती “बघू” म्हणते, आणि तिचं चुकतंय असं मला अजून म्हणवत नाही.