कावळ्याचा घास आता खाली

सासूबाई रोज सकाळी पावणेसातला लिफ्टने खाली जातात. हातात वाटी, वाटीत पहिल्या चपातीचा तुकडा, नाहीतर रात्रीच्या भाकरीचा चतकोर. मीटर रूमच्या मागे कंपाउंडच्या भिंतीवर तो ठेवतात, दोन पावलं मागे सरकतात, कावळ्याने उचलला की वर येतात आणि मग चहा. वॉचमनला आता सवय झालीय. नव्या भाडेकरूंना वाटतं आजींचं काही व्रत आहे. व्रतच म्हणा. पण ते चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर का गेलं, हे दोघीतिघींनी विचारलं, म्हणून लिहितेय.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. गॅलरी मागच्या अंगाला, येऊरच्या डोंगराकडे. मधे दोन टॉवर उभे राहिले तेव्हापासून डोंगर फटीतूनच दिसतो, पण पक्ष्यांना तेवढी फट पुरते. मी घरून हिशेबाची कामं करते. छोट्या दुकानदारांची खाती, जीएसटीची रिटर्न. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, समोर गॅलरीचं दार. म्हणजे दिवसाचे आठ तास माझं तोंड पक्ष्यांकडेच असतं, त्यात माझं कौतुक काही नाही.

सुरुवात मात्र मी चुकीच्या टोकाने केली. नोव्हेंबर २०२३. पक्षी सप्ताह चालू होता. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा, त्या दोन तारखांमधला तो आठवडा. व्हॉट्सॲपवर चिमण्यांचे फोटो फिरत होते. मलाही भरून आलं आणि मी ऑनलाइन एक फीडर मागवला. हिरव्या छपराचा, प्लास्टिकचा. त्यात बाजरी आणि राळे भरले आणि चिमण्यांची वाट बघत बसले.

तिसऱ्या दिवशी एक कबुतर आलं. पंधरवड्यात अठरा झाली. मी मोजली, मोजण्याचाच धंदा आहे. फीडरवर त्यांना नीट बसताही येत नव्हतं, त्यामुळे ती पंखांनी बाजरी उधळायची आणि खालच्या मजल्यावरच्या एसीवर उतरून निवांत जेवायची. खालच्या काकूंना दमा. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आत जात राहिली, तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती वर्षानुवर्षं मुरली की फुप्फुसं कडक होत जातात, हे मला काकूंच्या मुलाने जिन्यात थांबवून सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्त लागलं. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून जो गदारोळ उठला, तो आमच्या सोसायटीत दीड वर्ष आधीच होऊन गेला होता, आणि त्यात आरोपी मी होते.

फीडर माळ्यावर गेला. चिमणी एकदाही आली नव्हती. मग वाचलं तेव्हा कळलं की चिमणीची पिल्लं सुरुवातीला दाण्यांवर नाही, अळ्या-किड्यांवर वाढतात. म्हणजे मोठ्यांना बाजरी घालून पिल्लांचं पोट भरणार नव्हतंच. त्यासाठी झाडं लागतात, तीही औषध न मारलेली.

तेव्हापासून आमच्याकडे दाणे बंद, पाणी चालू. कुंडीखाली ठेवतात तसली मातीची पसरट ताटली, दोन बोटं पाणी, मधे एक दगड. पाणी रोज सकाळी ओतून ताटली घासायची, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. आणि ग्रिलमध्ये जास्वंद, कढीपत्ता, लिंबू, सदाफुली. जास्वंदीवर मावा पडला तरी मी फवारत नाही. मावा पडला की दोन दिवसांत शिंपी हजर होतो. एवढासा जीव, शेपटी उभी, आणि आवाज असा की मीटिंगमध्ये क्लायंट विचारतो, मॅडम, अलार्म वाजतोय का?

पाण्यावर बुलबुल येतात, ते जोडीने. आधी पितात, मग आंघोळ, मग ग्रिलवर बसून पिसं विंचरणं, असा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. दयाळ एकटा येतो आणि कोणाचं येणं सहन करत नाही. कढीपत्त्याची फळं काळी पडली की कोकिळा येते. कोकीळ नव्हे, कोकिळा: तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, डोळे लालभडक. गाणारा तो काळा, नर. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं गाण्यांत कौतुक बाईचं आणि गळा बाप्याचा?"

सासूबाई राजापूरकडच्या. पक्ष्यांची त्यांची नावं माझ्या पुस्तकात सापडत नाहीत. भारद्वाजाला त्या कुकुडकोंबा म्हणतात आणि तो दिसला की बोटं डोळ्यांना लावतात. कावळ्याशी त्यांचं नातं वेगळं. २०१९ मध्ये सासरे गेले. दहाव्याला कावळा शिवेना. दीड तास. सगळ्यांनी सगळं कबूल करून पाहिलं. घर विकणार नाही, धाकट्याचं लग्न करून देऊ. शेवटी सासूबाई पुढे झाल्या आणि काहीतरी पुटपुटल्या. शिवला. काय बोललात, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळी पहिला घास कावळ्याचा. त्यात खाडा नाही. यायचा तोही एकच, उजव्या पायाचं एक बोट नसलेला. मागे दोनचार शागीर्द असायचे.

आता शिंजीर.

याला सूर्यपक्षीही म्हणतात. आमच्याकडे येतो तो पिवळ्या पोटाचा. नराचा गळा जांभळा, डोक्यावर हिरवी चमक, पाठ गडद किरमिजी. मादी वरून मातकट, खालून फिकट पिवळी. चोचीपासून शेपटीपर्यंत माझ्या तळहातात मावेल एवढा, वजन आठ-नऊ ग्रॅम. बिल्डिंगमधली मुलं त्याला हमिंगबर्ड म्हणतात आणि त्यांच्या आयाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. शिंजीर मध पितो तो बहुतेक वेळा देठावर बसून, आणि जास्वंदीसारखं लांब नळीचं फूल असलं तर सरळ बुडाशी भोक पाडून. चोर आहे तो, पण आपला चोर आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका जोडीने स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, मनीप्लांटच्या लोंबत्या वेलाला घरटं बांधलं. मी खूश. घासाच्या जागेपासून ते चार फुटांवर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एका सकाळी कावळ्याने चपाती उचलली, खाल्ली, चोच ग्रिलला पुसली, मान वळवली आणि दोन झटक्यांत घरटं फाडलं. आत अंडं होतं. मी ओट्याशी उभी होते, हातात उलथनं. खिडकी उघडेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी सासूबाईंना बोलले. नको ते बोलले. तुमच्या चपातीनेच त्याला इथवर आणलं, असं. त्या गप्प राहिल्या. तीन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं. नवरा दोघींच्या मधून डबा घेऊन पसार व्हायचा. तिसऱ्या रात्री माझं मलाच आठवलं की अठरा कबुतरं चपातीने आणली नव्हती.

मार्चच्या सुरुवातीला मादी पुन्हा आली. या वेळी गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीचं जे मोकळं टोक लोंबतं, त्याला. माझ्या खुर्चीपासून पाच फूट. मार्च एंडिंगचा महिना, माझ्या टेबलावर बिलांचे गठ्ठे, आणि समोर ही बाई आपलं बांधकाम घेऊन.

आधी तिने दोरीला कोळ्याची जाळी गुंडाळली. जाळी कुठली, तर आमच्याच ट्यूबलाइटमागची, जी काढायची मी दिवाळीपासून पुढे ढकलत होते. चोचीत धागा धरून दोरीभोवती फिरायची, चिकटवायची, पुन्हा जायची. मग सुकी पानं, सालीचे कपटे, मेलेल्या किड्यांची भुकटी, आणि माझ्या एका क्लायंटच्या पावतीचा गुलाबी तुकडा. असा ओबडधोबड लोंबता बोळा झाला की आत शिरून छातीने दाबत गोल फिरायची, बाहेरून घरटं श्वास घेतल्यासारखं फुगायचं. नर या सगळ्यात फक्त बरोबर उडत होता. सासूबाई म्हणाल्या, "मुकादम आहे." त्या तीन दिवसांनंतरचं ते पहिलं मोकळं वाक्य.

पाचव्या दिवशी दारावर छोटी झावळी पुढे आली, पाऊस-उन्हाला आडोसा. "पडवी काढलीन बघ," सासूबाई. मग त्यांनी देवघरातला वातींचा कापूस आणला, चिमूटभर पिंजला आणि ग्रिलच्या गजाला अडकवला. मी काही बोलले नाही, मला वाटलं घेणार नाही. तासाभरात मादीने तो ओढून नेला. सासूबाईंनी त्या दिवशी समोरच्या विंगमधल्या बहिणीला फोन करून सांगितलं की आमच्या वाती लागल्या तिच्या घराला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाटी घेऊन लिफ्टशी उभ्या होत्या. मी कुठे म्हणून विचारलं. "खाली. त्याचा घास चुकवायचा नाही, पण इथे नको." बोटतुटका दोन दिवस वर खिडकीत बसून ओरडला, तिसऱ्या दिवशी त्याने खालचा पत्ता शोधला.

१४ मार्चला धुळवड होती. मुलं गच्चीवरून फुगे मारतात, म्हणून मी सकाळी आठला मुलांच्या म्होरक्याला चकल्यांचा डबा देऊन मागची बाजू माफ करून घेतली. मादी आत बसलेली, नुसती चोच बाहेर. दोन अंडी होती; मोबाइल काठीला लावून एकदाच पाहिलं, पुन्हा नाही. अंडी ती एकटीच उबवायची, दर वीस-पंचवीस मिनिटांनी जास्वंदीवर जाऊन दोन घोट पिऊन परत.

अडचण पाडव्याची आली. ३० मार्च. गुढी कायम गॅलरीतच, सासरे असल्यापासून. काठी, साडी, कडुलिंब, तांब्या, म्हणजे घरट्यासमोर सहा फुटी बुजगावणंच. नवरा म्हणाला, एक दिवस काय होतंय. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुढी हॉलच्या खिडकीत उभी राहिली, थोडी तिरकी, कारण वर पडद्याचा रॉड. आणि त्याच दुपारी नर चोचीत काहीतरी घेऊन आला. आजवर रिकाम्या हाताने फिरणारा मुकादम. चोचीत कोळी होता, पाय हलणारा. पिल्लं झाली होती.

३१ तारखेला मी किती काम केलं ते माझ्या क्लायंटनी वाचू नये. दोघं आळीपाळीने यायची. आत कोळी, बारीक अळ्या. बाहेर जाताना चोचीत साबुदाण्याएवढा पांढरा मणी. तो पिल्लांचा शेणगोळा, पातळ कातडीत बांधलेला. घरट्यात घाण राहत नाही, वास राहत नाही. कपडे महिनाभर हॉलमध्ये वाळले. नवऱ्याचे शर्ट फोडणीच्या वासाचे झाले, ऑफिसात कोणीतरी विचारलंही म्हणे, आज डब्यात कांदाभजी का?

१४ एप्रिल, सोमवार, आंबेडकर जयंतीची सुट्टी. सकाळी एक पिल्लू दारातून डोकावलं आणि सरळ उडून समोरच्या सोनमोहोरावर गेलं, जसं काही रोजच जातं. दुसरं पडवीला धरून लोंबलं, मग गॅलरीच्या लादीवर पडलं. तोकडी शेपूट, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. आई वरून ओरडत होती. मी दार ओढून घेतलं, कारण उचलायला गेले तर ते ग्रिलबाहेर झेपावलं असतं. आणि तेवढ्यात एसीच्या पेटीवर तो उतरला. बोटतुटका.

माझ्या आधी सासूबाई गॅलरीत होत्या. हातात लाटणं. पाच वर्षं ज्याला घास घातला, ज्याच्यात त्या कोणाला बघतात ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे, त्याच्यासमोर त्या ग्रिलवर लाटणं आपटत ओरडल्या, "तुला खाली वाढलंय ना रे! जा खाली!"

तो गेला. पिल्लू अर्धा तास तुळशीच्या कुंडीमागे बसलं, आईने तिथेच दोनदा भरवलं. मग कुंडीच्या काठावर, मग लिंबावर, मग ग्रिलच्या गजावर, मग नव्हतंच. सासूबाई तोवर पाटावर बसून होत्या. लाटणं मांडीवर. आत येताना एवढंच म्हणाल्या, "रागावले नसतील ना?"

कोण, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसातला मीही त्यांच्याबरोबर खाली गेले. तो आला, घास उचलला, भिंतीवर चोच पुसली.

घरटं अजून दोरीला आहे. पावसाळ्यात चिंब झालं, पडवी गळाली. नवरा दर रविवारी दोरी बदलायचं काढतो. गेल्या आठवड्यात मादी आली होती, तीच की दुसरी कोण जाणे, आणि जुन्या घरट्याची जाळी ओढून नेत होती. ट्यूबलाइटमागे यंदा काही नाही. दिवाळीत मी साफ केली, उगीच.