सांक्त हान्सची आग आणि काळ्या टोपीची बाहुली

23 जून, रात्री उशिरा
युल्सो सरोवराकाठी, मध्य जटलंड, डेन्मार्क

आज रात्रीच्या सांक्त हान्स सणाच्या आगीसाठी गेले काही दिवस गावकऱ्यांनी सरोवराच्या काठावर रचत आणलेला फांद्यांचा भलामोठा ढीग आज दुपारी त्यांनीच उपसला आणि काही पावलांवर पुन्हा नव्याने रचला. मला हा उपद्व्याप वाटला. पण कारण कळल्यावर मीही हातमोजे चढवून कामाला लागलो. अशा ढिगात हेजहॉग, बेडूक आणि लहान पक्षी आसरा घेतात, आणि ढीग तसाच पेटवला तर ते आतल्या आत होरपळून मरतात. म्हणून पेटवण्याच्या दिवशी ढीग हलवायचा, असा येथे शिरस्ता आहे. आज हेजहॉग एकही निघाला नाही, पण एक गलेलठ्ठ भेक निघाला आणि मुलांनी त्याला बादलीत घालून मोठ्या इतमामाने लव्हाळ्यांत सोडून दिले.

हे गाव म्हणजे रेल्वेच्या रुळांना आणि पाण्याला चिकटून वसलेली थोडीशी घरे आहेत. गुदेनो नदी ज्या सरोवरांच्या माळेतून वाहते त्यांतलेच हे एक, आणि पलीकडच्या काठावर हिमेलब्येर्गेट नावाची टेकडी झाडीत उभी आहे. उंची 147 मीटर. एके काळी हाच देशातला सर्वांत उंच डोंगर समजला जात असे, हे ऐकून सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हसू आवरणे कठीण जाते. पण 1875 मध्ये तिच्या माथ्यावर बांधलेला विटांचा मनोरा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तांबूस दिसत होता, आणि तेव्हा उंचीचा मुद्दा मला फारसा महत्त्वाचा वाटला नाही.

मी ज्यांच्याकडे उतरलो आहे त्या माझ्या सहकारिणीच्या आई, निवृत्त शिक्षिका. उत्सवाच्या समितीत त्या बरीच वर्षे आहेत. संध्याकाळी काठावर लांबच लांब मेजे मांडली गेली आणि ज्याने त्याने आपापले जेवण आणून एकत्र बसून खाल्ले. बाजूला एका लहान शेकोटीच्या निखाऱ्यांवर मुले काठ्यांना कणकेची वळी गुंडाळून पाव भाजत होती. हा पाव बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो, तरी तो आवडीने खाण्याची येथे रीत आहे. सूर्य दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि त्यानंतरही आकाश पुरते काळे होत नाही. त्यामुळे होळीच्या वेळी आगीभोवती जो गच्च अंधार असतो तो येथे नाहीच. आग पेटली तेव्हा सुरुवातीला ज्वाळा अगदी फिकट दिसत होत्या, आणि धूर मात्र ठळक होता.

हा सण ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या जन्मदिवसाच्या आदल्या रात्रीचा. सांक्त हान्स म्हणजे तोच योहान. 1770 मध्ये राजाज्ञेने जे अनेक सण सुट्ट्यांच्या यादीतून गाळले गेले, त्यांत 24 जूनही गेला; पण लोकांनी आदली रात्र सोडली नाही. स्वीडनमध्ये या दिवसांत पानाफुलांनी सजवलेला खांब उभारून त्याभोवती नाचतात आणि मोठ्या आगी एप्रिलच्या अखेरीस पेटवतात. डेन्मार्क आणि नॉर्वेने मात्र आग याच रात्रीसाठी राखली. या रात्री खुडलेल्या औषधी वनस्पतींना अधिक गुण असतो आणि पवित्र झऱ्यांचे पाणी रोग बरे करते, अशी जुनी समजूत होती, आणि आग अभद्राला दूर ठेवण्यासाठी होती.

आग पेटवण्याआधी भाषण व्हावे लागते. आजचा वक्ता एक तरुण शेतकरी होता आणि त्याचा विषय होता गावातले किराणा दुकान: ते टिकवायचे असेल तर शहरातून घाऊक सामान भरून आणणे थांबवा. लोक हसले, काहींनी माना खाली घातल्या. मग सर्वांनी हातातल्या छापील कागदावरून गाणे म्हटले. होल्गर ड्राखमन या कवीने 1885 मध्ये लिहिलेले हे गाणे देशभर या आगींभोवती गायले जाते, आणि त्यात देशात शांतता नांदावी असे मागणे आहे. ढिगाच्या टोकावर काठीला खोचलेली चेटकिणीची बाहुली तोवर सर्वांच्या डोक्यावरून सरोवराकडे बघत होती.

ती मुलांनी केली होती. पेंढा भरलेला जुना झगा, काळी टोकदार टोपी, हातात झाडू. ज्वाळा तिच्यापर्यंत पोहोचल्या तेव्हा आत लपवलेल्या शिट्टीच्या फटाक्यांतून एक लांबलचक कर्कश आवाज निघाला, आणि मुलांनी टाळ्या पिटल्या. ती किंचाळली म्हणजे ती निघाली, जर्मनीतल्या हार्झ पर्वतातल्या ब्लोक्सबियर्गकडे, जेथे सगळ्या चेटकिणी जमतात, असे सांगतात. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

परदेशी पाहुण्याने यजमानांच्या सणावर नाक मुरडावे हे मला मुळीच पटत नाही, म्हणून हे येथेच, वहीत, लिहितो. बाहुली जाळण्याची रीत फार जुनी नाही. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात रूढ झाली. खऱ्या बायका त्याच्या कितीतरी आधी जाळल्या गेल्या. चौथ्या ख्रिश्चन राजाने 1617 मध्ये चेटकाविरुद्ध फर्मान काढले आणि त्यानंतरची काही वर्षे सर्वांत वाईट गेली. एकूण सुमारे हजार माणसे या देशात चेटकाच्या आरोपाखाली मारली गेली असे मानतात, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. 1641 मध्ये रीबे शहरात मारेन स्प्लीड हिला जाळले. ती एका सुखवस्तू शिंप्याची बायको होती आणि तिच्यावर आळ घेणाराही शिंपीच होता; तिने करणी करून आपल्याला आजारी पाडले, असे त्याचे म्हणणे होते. अशा खटल्यातली शेवटची देहदंडाची शिक्षा 1693 मध्ये आने पालेस हिला झाली. आधी शिरच्छेद, मग देहाला आग.

हे वाचताना मला इतिहास वाचल्यासारखे वाटत नाही, ही माझी अडचण आहे. माझे बालपण शहाद्यात गेले, जो तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता आणि आता नंदुरबारमध्ये आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर कोणाचे मूल दगावले किंवा गुरे मेली, की भगताने एखाद्या बाईकडे बोट दाखवायचे आणि तिला डाकीण ठरवायचे, हे आम्ही मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून ऐकत आलो. ती बाई बहुधा एकटी असे, आणि तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असला तर बोट अधिक लवकर उठे.

जेवणाची भांडी आवरताना माझ्या यजमानीणबाईंनी मला सरळ विचारले, की चेटकीण पेटली तेव्हा तुम्ही मागे का सरकलात. मी हे सगळे सांगितले. त्यांना नवल वाटले नाही. बाहुली असावी की नसावी यावर येथेही दर जूनमध्ये वर्तमानपत्रांतून वाद झडतो, आणि काही ठिकाणी आता ती ठेवतच नाहीत. त्यांचे स्वतःचे मत असे, की भीती मेली म्हणूनच मुले हसू शकतात, आणि हसणे हा त्या भीतीवरचा उतारा आहे. मत चुकीचे आहे असे मला म्हणवत नाही. महाराष्ट्रात याविरुद्ध कायदा आहे का, हे त्यांनी विचारले. 2013 मध्ये झाला आणि त्यामुळे निदान गुन्हा नोंदवता येतो, असे मी सांगितले. मग त्यांनी विचारले, की तुमच्या त्या डोंगरात कोणी अशी बाहुली जाळली तर काय होईल. मी म्हटले, ती बाहुली कोणाची आहे हे पाड्याला लगेच ओळखू येईल.

त्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग रीबेला चेटकीण-शिकारीचे संग्रहालय 2020 मध्ये उघडले आहे, ऑगस्टमध्ये आपण मोटारीने जाऊ, असे त्यांनीच सुचवले. मी होकार दिला आहे. आर्हूसला परतल्यावर रजेचा अर्ज टाकायचा आहे.