लेकॉक ॲबी, पाच पेन्सिली आणि माझा फसलेला पहिला नकाशा

इंग्लंडमधल्या स्विंडनला येऊन सहा वर्षं झाली आणि मागच्या हिवाळ्यात मी संध्याकाळचा एक कोर्स घेतला, जुन्या इमारती कशा ओळखायच्या त्याचा. वाटलं होतं मस्त गोष्टी ऐकायच्या, चहा प्यायचा, घरी यायचं. शेवटी निघाला प्रोजेक्ट. एक जुनं घर घ्या, त्याच्या प्लॅनवर कुठली भिंत कुठल्या काळातली ते रंगवून दाखवा. फेज प्लॅन म्हणतात याला. मी लेकॉक ॲबी घेतलं, म्हणजे मूळच्या मठाचं पुढे घर झालेली जुनी इमारत, कारण काय, तर चिपनहॅमपर्यंत ट्रेन आणि पुढे बस, पोरीला शाळेत सोडून जायचं आणि तिला आणायच्या वेळेला परत. बाकी काही थोर विचार नव्हता. तिच्याच कंपासमधल्या पाच पेन्सिली ढापल्या आणि निघाले.

पश्चिमेकडून बाहेरचा जिना चढून थेट हॉलमध्ये शिरतो आपण. टोकदार कमानी, भिंतीत कोनाडे, कोनाड्यांत भाजलेल्या मातीचे पुतळे, छतावर घराण्यांच्या रंगीत ढाली. मी काही विचार न करता ठोकून दिलं, मध्ययुगीन, लाल रंग. का तर ॲबीची सुरुवात 1232 ची, सॉल्सबरीची काउंटेस एला हिने नवरा गेल्यावर नन्ससाठी मठ बांधला आणि पुढे स्वतःच तिथली मुख्य झाली, हे मी वाचून गेलेले, मग एवढ्या कमानी दिसल्यावर दुसरं काय वाटणार.

सरांनी ड्राफ्ट परत दिला तर हॉलवर हे एवढं मोठं उद्गारचिन्ह. हॉल निघाला 1754-55 चा! जॉन आयव्हरी टॅलबट नावाच्या मालकाने सँडरसन मिलर या आर्किटेक्टकडून मुद्दाम जुन्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या थाटाचा करून घेतलेला, आणि त्या ढाली म्हणजे त्याच्या मित्रमंडळींच्या. आपल्याकडे हायवेवर नवीन हॉटेल काढतात, महिरपी लावतात, पितळी कंदील टांगतात आणि पाटीवर 'वाडा' लिहितात ना, सेम तेच, फक्त पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं. पुतळ्यांत एक बकरा आहे, त्याच्या नाकावर साखरेचा क्यूब ठेवायची प्रथा आहे म्हणे. तो क्यूब मी नीट बघितला होता बरं का, तारीख तेवढी बघितली नाही.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा वरच्या खोल्यांची वेळ न बघता गेले, चूक माझीच, वर बंद. मग तीन तास नुसती खाली फिरत बसले आणि खरं तर तिथेच गाडी रुळावर आली. खाली क्लॉइस्टर आहे, म्हणजे चौकाभोवतीची छत असलेली वाट, बरीचशी पंधराव्या शतकातली, आणि तिला लागून नन्सच्या खोल्या. त्यातली एक फक्त ऊब घ्यायची खोली! तिथे 1500 साली ओतलेलं एक भांडं ठेवलंय, आपल्या लग्नातल्या आमटीच्या पातेल्याच्या तोडीचं. हे सगळं टिकलं कसं ते मला तिथे उभं राहून कळलं. आठव्या हेन्रीने मठ बंद केले, लेकॉकचा 1539 ला, आणि पुढच्याच वर्षी विल्यम शेरिंग्टनने तो विकत घेतला. त्याने चर्च पाडलं पण मठ नाही पाडला, स्वतः वरच्या मजल्यावर राहिला आणि खालचं दगडी काम तसंच पायाशी ठेवलं. म्हणजे हे घर आडवं वाचायचंच नाही, उभं वाचायचं, खाली नन्स आणि वर मालक. मी एकाच मजल्याचा प्लॅन रंगवत बसले होते, मग जमणार कसं!

हा शेरिंग्टन पण एक नमुनाच. ब्रिस्टलच्या टांकसाळीत अधिकारी होता, तिथे घोटाळा केला, 1549 ला पकडला गेला, ज्याच्यासाठी केला त्या थॉमस सीमोर नावाच्या बड्या सरदाराचं डोकं उडालं आणि याला माफी, वर इस्टेटही पैसे भरून परत मिळवली. घराच्या कोपऱ्यावर त्याने अष्टकोनी मनोरा बांधला, त्यात मौल्यवान वस्तू ठेवायला भक्कम खोली. हिरवी पेन्सिल त्याला दिली.

तिसऱ्या फेरीला शनिवार होता म्हणून लेक बरोबर. दक्षिणेची भिंत शेवटी ठेवली होती आणि तिनेच सगळ्यात जास्त घाम काढला. ही भिंत मुळात पाडलेल्या चर्चची उत्तरेकडची भिंत, आपण बाहेर जिथे उभे असतो तिथे चर्च होतं. आणि तिच्यात तीन खिडक्या सज्जासारख्या बाहेर आलेल्या, त्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने 1830 च्या आसपास बसवल्या, त्याला जांभळी पेन्सिल. हाच तो फोटोग्राफीवाला, ती शोधून काढणाऱ्यांपैकी एक. मधल्या खिडकीचा त्याने ऑगस्ट 1835 ला आतून फोटो घेतला, आज टिकून असलेली कॅमेऱ्याची सगळ्यात जुनी निगेटिव्ह तीच. स्टँपएवढी आहे. सोबत त्याने लिहून ठेवलंय की ताजी असताना भिंगातून काचेचे साधारण 200 तुकडे मोजता येत होते.

झालं, लेकीला मोजायचेच होते. ती एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, मध्ये कोणीतरी सेल्फीला उभं राहिलं, दोघींचे आकडे जुळेनात, परत पहिल्यापासून. पाऊण तास गेला त्यात आणि बस चुकली.

फायनल प्लॅनमध्ये दोन मजले वेगवेगळ्या कागदांवर काढले. दक्षिणेच्या त्या एका रेघेत लाल, हिरवा आणि जांभळा, तिन्ही रंग शेजारीशेजारी आले. सरांनी पास केलं, हॉलवर यावेळी नुसती टिकमार्क. जांभळी पेन्सिल लेकीला परत दिली तेव्हा बोटभर उरली होती, ती अजून ऐकवते.